बाबा-अब्बांची अदलाबदल

मित्रमेळा हे आमचं दोह्यातलं मराठी मंडळ. सत्तर-ऐंशी कुटुंबं, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि नऊ नियम. त्यातला चौथा नियम म्हणजे राजकारण आणि धर्म हे दोन विषय मंडळात काढायचे नाहीत. तो केला राजाभाऊंनी, आणि गेली अकरा वर्षं अध्यक्षही तेच असल्यामुळे तो पाळलाही जात होता. तरी गेल्या नोव्हेंबरात मुलांच्या वादविवाद स्पर्धेला नेमका धर्माचा विषय आला, आणि तो जाहीरही राजाभाऊंनीच केला.

झालं असं, की विषय मुलांनीच सुचवावेत असं कमिटीत ठरलं. दिवाळीच्या कार्यक्रमात खोका फिरला, मुलांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि चार वर्षांच्या कुशलने स्टेजवर येऊन एक चिठ्ठी काढली. ती इंग्रजी अक्षरांत होती. आमची मुलं मराठी बोलतात तशीच लिहितातही, इंग्रजीतून. राजाभाऊ माइकवर एकेक अक्षर जुळवत वाचत गेले, "शा-ळेत धर-मा शिक-वावा का," आणि आपण काय वाचलं हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत टाळ्या पडल्या होत्या.

दोन दिवस ते कुणाचा फोन घेत नव्हते. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला, त्यात विषयाच्या सुरुवातीला त्यांनी तीन शब्द जोडले होते: 'भारतातील सरकारी शाळांमध्ये'. म्हणजे प्रश्न दोन-अडीच हजार किलोमीटर लांब गेला. इथल्या कुठल्या शाळेचा नाही, इथल्या कुणाच्या मुलाचा नाही. खाली त्यांनी नियम लिहिले. संघात दोन मुलं, एक अनुकूल बाजूने बोलणार, एक प्रतिकूल. प्रत्येकी चार मिनिटं. दोघांच्या गुणांची बेरीज तो संघाचा निकाल. सगळ्यात शेवटी ठळक अक्षरात होतं, की प्रेक्षकांतून पालकांनी प्रश्न विचारू नयेत.

माझी मुलगी अंतरा तेरा वर्षांची. तिने चौथ्या मजल्यावरच्या तय्यबाबरोबर नाव दिलं. आम्ही दोह्याच्या मन्सुरा भागात राहतो, त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. दोघी एकाच शाळेत, एकाच बसमध्ये, एकाच वर्गात. फक्त आठवड्यातून काही तास वेगळ्या होतात. त्या तासाला तय्यबा इस्लामिक स्टडीजला जाते आणि अंतरा व्हॅल्यू एज्युकेशनला. व्हॅल्यू एज्युकेशनमध्ये मागच्या वर्षी अंतराने हात धुण्याचे चार तक्ते केले. चौथ्या तक्त्यावर तिने हाताला सात बोटं काढली होती, तरी तिला स्टार मिळाला.

अंतराने अनुकूल बाजू घेतली. तिचं म्हणणं असं होतं, की पलीकडच्या वर्गात गोष्टी चालतात, इतिहास चालतो, आणि आपण इकडे साबणाचा फेस रंगवतोय. तिला सगळ्यांचे सगळे धर्म शाळेत शिकायचे होते. तय्यबाने प्रतिकूल बाजू घेतली, कारण तिची परीक्षा नुकतीच झाली होती आणि तीन मार्क गेले होते.

आता बापांचं सांगते. माझा नवरा देवव्रत रास लफानच्या गॅस प्लांटवर सेफ्टी इंजिनिअर आहे. आमच्या घरात देव्हारा नाही. लग्न ठरतानाच त्याने सांगितलं होतं, की धर्म ही ज्याची-त्याची घरगुती बाब आहे आणि आपल्या घरात ती नाही. मला तेव्हा ते फार धाडसी वाटलं होतं. तय्यबाचे वडील युसुफ मूळचे रायगडातल्या म्हसळ्याचे, हमद पोर्टवर कंटेनर प्लॅनिंगला आहेत. शांत, नमाजी माणूस. पार्किंगमध्ये भेटले की "काय वहिनी, बरं ना" म्हणणार आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेणार. देवव्रत आणि त्यांचं सहा वर्षांत गाडीच्या टायरपलीकडे बोलणं गेलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात देवव्रत अंतराचं भाषण तयार करायला बसला. अर्ध्या तासाने मी चहा घेऊन गेले तर अंतराचा चेहरा फुगलेला. त्याने तिच्या प्रत्येक मुद्द्याखाली लाल पेनने 'का?' असं लिहिलं होतं, आणि शेवटच्या परिच्छेदात अनुकूल बाजूचं भाषण स्वतःच कबूल करत होतं, की शाळेत धर्म शिकवू नये. मी त्याला म्हटलं, अरे, तिची बाजू कुठली आहे. तो म्हणाला, मला माहितीये, पण चुकीची गोष्ट नीट कशी लिहिणार.

त्याच वेळी चौथ्या मजल्यावरही तेच चालू होतं, हे मला नंतर तय्यबाच्या आईने, समीनाने, सांगितलं. युसुफभाईंनी तय्यबाचं भाषण हातात घेतलं, दोनदा वाचलं, आणि घडी घालून तिला परत दिलं. मग म्हणाले, बेटा, तू हे बोल, पण मला पाठ करून दाखवू नकोस.

दोन्ही मुली आपापले कागद घेऊन तणतणत घराबाहेर पडल्या आणि लिफ्टमध्ये समोरासमोर आल्या. तिथे नेमकं काय बोलणं झालं ते त्या अजून धड सांगत नाहीत, सांगायला लागल्या की हसत सुटतात. एवढं मात्र कळलंय, की त्या लिफ्टने पाच-सहा वेळा खालीवर गेल्या आणि त्यांनी बाप बदलायचं ठरवलं.

दहा मिनिटांनी आमच्या दाराची बेल वाजली. तय्यबा आत आली, सरळ देवव्रतसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, शाळेत धर्म शिकवू नये अशी माझी बाजू आहे. तुम्ही मदत कराल?"

लग्नाला सोळा वर्षं झाली, पण नवऱ्याचा असा खुललेला चेहरा मी फार थोड्या वेळा पाहिलाय. त्याने लॅपटॉप उघडला.

त्यानंतरचे अठरा दिवस आमच्या इमारतीत नुसता गोंधळ होता. देवव्रतने चार मिनिटांच्या भाषणासाठी सत्तावीस स्लाइड केल्या. प्लांटवर जाताना कंपनीच्या बसमध्ये तो तय्यबासाठी मुद्दे रेकॉर्ड करायचा, मागून सहकाऱ्यांच्या घोरण्याचा आवाज यायचा. वर युसुफभाईंनी अंतराला जेवणाच्या टेबलावर काड्यापेट्या रचून दाखवल्या. जहाजावर जो कंटेनर आधी उतरवायचा तो वर ठेवतात, तसा जो मुद्दा लोकांच्या मनात आधी उतरवायचा तो वर. जड मुद्दा तळाशी, म्हणजे बोट कलंडत नाही. अंतराने हे घरी येऊन इतक्या वेळा सांगितलं, की देवव्रतने एक दिवस काड्यापेट्याच लपवून ठेवल्या.

मग हेरगिरी सुरू झाली. रात्री जेवताना तो सहज विचारल्यासारखं विचारायचा, आज काका काय म्हणाले. अंतरा म्हणायची, सीक्रेट. तो म्हणायचा, नाही, मला काय करायचंय. आणि दोन घास खाऊन पुन्हा विचारायचा. वर युसुफभाई तय्यबाला विचारत नव्हते, पण समीना म्हणाली, ती तुमच्याकडून आली की हे टीव्हीचा आवाज कमी करतात. शेवटी दोघींनी मिळून एकेक मुद्दा फुटू द्यायचं ठरवलं, केवळ गंमत म्हणून.

युसुफभाईंचा फुटलेला मुद्दा असा होता: मुलाला धर्म कुणीतरी शिकवणारच. शाळेत बाई असते, तीस मुलं असतात, हात वर करून विचारता येतं. शाळेने शिकवलं नाही तर फोन शिकवतो, आणि फोनला हात वर करून विचारता येत नाही, फक्त पुढे पाठवता येतं.

देवव्रतचा घास हातातच राहिला. "हे त्यांनी म्हटलं?" त्याने विचारलं. मग तो उठून स्लाइड क्रमांक अकरा पुन्हा लिहायला बसला.

देवव्रतचा वर पोचलेला मुद्दा असा होता: शाळेत आलं की धर्माचा सिलॅबस होतो. सिलॅबस झाला की काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे कुणीतरी ठरवतं. तो कुणीतरी कोण? युसुफभाई म्हणे ते ऐकून "हं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पोर्टवर जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पहिल्यांदा देवव्रतला फोन केला. बोलणं टायरवरून सुरू झालं. चाळीस मिनिटं चाललं.

या सगळ्यात माझ्या आणि समीनाच्या वाट्याला अंतराची जीभ आली. तय्यबाची अडचण नव्हती. ती म्हसळ्याच्या आजीशी रोज फोनवर बोलते, तिचं मराठी खणखणीत आहे, हेल मात्र थेट कोकणातला. अंतराला 'सहिष्णुता' हा शब्द येत नव्हता. तो तिच्या भाषणाच्या ऐन मध्यावर होता. ती कधी सहिष्टुना म्हणायची, कधी सहिणुष्टा. समीनाने तिला तो शब्द चपाती लाटण्याच्या तालावर म्हणायला लावला. मी म्हटलं, दुसरा शब्द घालू. पण युसुफकाकांनी सांगितलेला शब्द बदलायचा नाही, असा तिचा हट्ट.

स्पर्धा शुक्रवारी दुपारी चारला होती. भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये सहा संघ आणि दीडशे माणसं होती, आणि पहिल्या रांगेत राजाभाऊ हातात पितळी घंटा घेऊन बसले होते. परीक्षक दोन. मुलाकडे आलेल्या नाशिकच्या निवृत्त शिक्षिका अलकाताई आणि बँकेतले सदानंद. राजाभाऊ सुरुवातीलाच म्हणाले, की हा प्रश्न फक्त भारतातल्या सरकारी शाळांचा आहे हे सर्वांनी ध्यानात ठेवावं. ते त्यांनी तीनदा सांगितलं.

आमच्या मुलींचा नंबर चौथा. तय्यबा आधी उठली. देवव्रत माझ्याशेजारी पुढे सरकून बसला, ओठ हलवत. तिने त्याच्या सत्तावीस स्लाइडपैकी दोनच मुद्दे घेतले, मग कागद खाली ठेवला आणि आपल्या आजीच्या हेलात म्हणाली:

"मला नमाज येते. आजीने शिकवली, तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि तिच्या पाठीवर चढून शिकले. परीक्षेत माझे तीन मार्क गेले, स्पेलिंगचे. ते अल्लाने कापले नाहीत, मिसने कापले. आता नमाजला उभी राहिले की मला ते तीन मार्क आठवतात. म्हणून मी म्हणते, हे शाळेत नको."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. देवव्रत टाळ्या वाजवायचंच विसरला. हे त्याच्या कुठल्याच स्लाइडमध्ये नव्हतं. दोन रांगा पुढे युसुफभाई मान खाली घालून बसले होते, खांदे हलत होते. मला वाटलं वाईट वाटलं त्यांना. समीनाने मागे वळून मला डोळ्यांनीच सांगितलं, हसतायत.

मग अंतरा. तिने सुरुवात झकास केली. सात बोटांचा हात सांगितला, लोक हसले. फोनचा मुद्दा सांगितला, लोक गंभीर झाले. काड्यापेट्या रचाव्यात तसे मुद्दे येत होते आणि बोट अजिबात कलंडत नव्हती. मग तो शब्द आला. अंतराने छाती फुगवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सगळे धर्म शाळेत शिकवले, तर मुलांमध्ये आपोआप सहविष्णुता येईल."

दीडशे माणसांना ते कळायला एक सेकंद लागला. अलकाताईंचं पेन थांबलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, म्हणजे लक्ष्मीसारखी. तेवढ्यात तय्यबाच्या तोंडून 'फुस्स' असा आवाज आला, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. अंतराने तिच्याकडे पाहिलं आणि संपलं. ती हसायला लागली. आवरायला गेली तर उचकी लागली. "सह-" म्हणाली आणि पुन्हा हसली. तय्यबा खुर्चीवरून खाली बसली. हसू पहिल्या रांगेतून तिसऱ्या, तिसऱ्यातून शेवटच्या रांगेत गेलं. सदानंदांनी चष्मा काढून डोळे पुसले. राजाभाऊंनी घंटा वाजवली, पण त्यांना स्वतःलाच इतकं हसू येत होतं की ती थांबेचना, आणि त्या घंटेने सगळे आणखीच हसले.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी अलकाताईंनी हात वर केला. त्या पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाई. हॉल गप्प झाला. त्यांनी अंतराला पाणी प्यायला लावलं आणि विचारलं, "बाळ, तुला तुझ्या धर्माचं काय येतं? कुणी शिकवलं?"

अंतराने देवव्रतकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग ती म्हणाली, घरी कुणी नाही, युसुफकाकांनी. आणि कागद न बघता सांगायला लागली, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी. युसुफकाका लहान असताना शेजारी पाटलांच्या घरी गौर यायची. ती मूर्ती नसायची, तेरड्याची रोपं असायची, गुलाबी फुलं आलेली. बायका ती पाणवठ्यावरून आणायच्या आणि दारात त्यांचे पाय धुवायच्या. काकांचं काम होतं कंदील धरायचं, कारण पाटलांच्या घरात मुलगा नव्हता. रात्रभर बायका फुगड्या घालायच्या आणि काका ओटीवर झोपून जायचे. "आय डिड नॉट नो धिस," अंतरा म्हणाली. "हे माझंच आहे, आणि मला माहीतच नव्हतं. शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी आधीच विचारलं असतं."

वेळ केव्हाच संपली होती. राजाभाऊ घंटा मांडीवर ठेवून ऐकत होते.

मग पालकांनी प्रश्न विचारू नयेत हा नियम मोडला. देवव्रत उभा राहिला. मी त्याचा शर्ट ओढला, तो सुटला. त्याने प्रश्न अंतराला विचारलाच नाही. त्याने थेट युसुफभाईंना विचारलं, की तुम्ही तिला हे सांगू शकलात कारण तुम्ही ते जगलात. शाळेतली बाई हे कसं सांगणार? युसुफभाईही उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, शाळेतली बाई माझ्याकडे मुलीला पाठवू तर शकते. देवव्रत म्हणाला, ती लिफ्टने आली, शाळेने नाही पाठवली. तेव्हा राजाभाऊंनी दोघांनाही हॉलबाहेर काढलं. त्यांच्या अकरा वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं.

निकाल लागला. उत्कृष्ट वक्ता तय्यबा. संघ मात्र तिसरा, कारण अंतराचे वेळेचे गुण कापले होते, आणि हसण्यात दोन मिनिटं गेली होती. मुलींना त्याचं काही वाटलं नाही. पण बाहेर काढलेले दोघं बाप दारातच अलकाताईंची वाट बघत होते. देवव्रत त्यांना पटवत होता, की अंतराचा फोनचा मुद्दा कुठल्याच संघाने खोडला नाही, त्याला गुण हवे होते. युसुफभाई म्हणत होते, तय्यबाच्या तीन मार्कांना उत्तर आहे का कुणाकडे, नाही ना, मग? अलकाताई दोघांकडे आलटून पालटून बघत राहिल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, यात कुठल्या मुलीचा बाप कोण?

जेवायला समुद्रकाठी लुसैलला जायचं ठरलं. समीना, मी आणि मुली एका गाडीत. ते दोघं देवव्रतच्या. आम्ही पोचलो, टेबल धरलं, वाट पाहिली. पाऊण तासाने त्याचा फोन आला. बोलता बोलता लुसैलचा रस्ता मागे राहिला, त्याच्या लक्षातच आलं नाही. रोज कंपनीची बस जाते त्याच रस्त्याने तो सरळ उत्तरेला, प्लांटकडे गेला होता. "आम्ही रास लफानच्या गेटवर आहोत," तो म्हणाला. "युसुफभाईंकडे पास नाही म्हणून गार्ड आत सोडत नाहीये, तेव्हा कळलं."

समीनाला हसून हसून टेबलाचा आधार घ्यावा लागला. मुलींनी आधी आइस्क्रीम मागवलं, मग जेवण, मग पुन्हा आइस्क्रीम.

ते आले तेव्हा चौघींची पोटं भरली होती. दोघं हातात करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचे, कागदी कप घेऊन आले, वाटेत थांबले होते म्हणे. समीनाने विचारलं, मग काय ठरलं, शाळेत शिकवायचं की नाही? युसुफभाई म्हणाले, ते चालू आहे. पण एक ठरलं. दर शनिवारी अकरा वाजता, दुसऱ्या मजल्यावर आमच्या घरी, दोघं मिळून दोन्ही मुलींना शिकवणार. दोन्ही धर्म, आणि देवव्रतचं काहीच न मानणं, तेही. देवव्रतने फोनवर वेळापत्रकसुद्धा केलं होतं.

मुली एकमेकींकडे बघत होत्या. तय्यबाने विचारलं, "परीक्षा असेल?"

देवव्रत चहाच्या कपात बघून म्हणाला, "छोटीशी."

दोघी टेबलाखालून निघाल्या आणि पाण्याच्या दिशेने पळत सुटल्या.

शनिवारी अकराला युसुफभाई इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. देवव्रतने भिंतीवर पांढरा तक्ता लावला होता. मुली खाली सायकली चालवत होत्या. त्यांच्या हसण्याचा आवाज खिडकीतून येत होता. दोघं गुरुजी तक्त्यासमोर अवघडून उभे राहिले, तेव्हा समीना आणि मी सोफ्यावर जाऊन बसलो. समीनाने वहीसुद्धा आणली होती. युसुफभाईंनी कशापासून सुरू करू असं विचारलं. मी पन्नाशीला आलेली बाई, पुण्यात वाढले, आणि धर्माबद्दल कुणाला काही विचारता येतंय असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. मी हात वर केला.